कडक पात्याची राखण

"ताई, हे तुम्हाला पटायचं नाही," मिस्त्री म्हणाले. "मलाही पटलं नसतं. पण मी या दोन डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यातला एक अजून चांगला आहे."

ताई म्हणजे वर्कशॉपच्या मालकीणबाई. मिस्त्री त्यांच्या वडिलांकडे वेल्डर म्हणून लागले, तेव्हा त्या फ्रॉकमध्ये लोहचुंबक घेऊन लोखंडाचा चुरा गोळा करत फिरायच्या. आठवडाभर बहिणीकडे राहून आज सकाळीच त्या परत आल्या होत्या. शटर वर केलं आणि पहिली नजर गेली ती वेल्डिंगचे रॉड तापवायच्या ओव्हनमागे. तिथे एक वळकटी होती, पेल्यात दात घासायचा ब्रश होता, आणि वेल्डिंगच्या केबलवर बनियन वाळत होता.

आता चहाच्या टेबलावर त्या बनियनची घडी होती आणि तिच्यावर बाजूच्या दाराची किल्ली. किल्लीवर ताईंचा हात.

"काम संपल्यावर आत कोणी थांबायचं नाही, हे बाबांच्या वेळेपासून तुम्हीच सगळ्यांना बजावत आलात," ताई म्हणाल्या. "कारण सांगा. पटलं तर किल्ली तुमची. नाही तर माझ्या पर्समध्ये."

किल्ली पर्समध्ये गेली तर संध्याकाळी शटर पडल्याबरोबर घरी जावं लागणार, आणि मिस्त्रींना नको होतं ते नेमकं तेच. घरी दोन खोल्या होत्या. बायको गेल्यापासून त्यातल्या एकीत त्यांनी पाय ठेवला नव्हता. ती होती तेव्हा मिस्त्री थापा मारायचे आणि ती भाजी निवडत ऐकायची. आता ते घरात काही बोलले तर समोरची भिंत ते जसंच्या तसं परत करायची. जेवण ओट्याशी, उभ्यानेच. मुलगी फोनवर "जेवलात का बाबा" विचारायची. "हो" म्हटलं की तिच्याकडचंही बोलणं संपायचं आणि यांच्याकडचंही. मग फ्रिज थरथरून थांबला तरी ते दचकायचे. वर्कशॉपमध्ये निदान ओव्हनचा लाल दिवा होता. तो थोड्या थोड्या वेळाने विझायचा, पुन्हा लागायचा. कोणीतरी जागं आहे असं वाटायचं.

"कारण म्हणजे ते पातं," मिस्त्री म्हणाले.

"कुठलं पातं?"

"भंगारवाल्याचं. लोखंड कापायच्या यंत्राचं. मधोमध तडा. तुम्ही गेलात आणि ते आलं. ताई, इतकं कडक पोलाद मी जन्मात पाहिलं नाही. कानस लावली, तर कानसच गुळगुळीत झाली. हातोडा मारला, तर हातोडा उसळून पत्र्याला लागला आणि शेजारचा टायरवाला दार उघडायला आला. त्याला वाटलं, कोणी पाहुणा आला."

टेबलाच्या टोकाला टर्नर बसला होता. मिस्त्रींच्या बरोबरीचा, लेथवर वाकून वाकून मान पुढे आलेला, दिवसाला मोजकं बोलणारा माणूस. त्याने बिस्किट चहात बुडवलं. मिस्त्री ताईंकडे बघत होते, पंख्याकडे बघत होते, टर्नरकडे बघायचं तेवढं टाळत होते.

"मग रॉड कुठला वापरलात?" ताईंनी विचारलं. कामाचं निघालं की त्यांचा राग थोडा बाजूला बसायचा, हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं.

"तीच तर गोम आहे. भंगारवाला म्हणाला, पातं कडक आहे तर तुमच्याकडचा सगळ्यात कडक रॉड लावा. म्हटलं, साहेब, दोन तापट माणसं एका खोलीत कोंडली तर काय होईल? कडकाला कडक जोडलं की गार होताना दोघंही आखडतात. कोणी नमतं घेत नाही. शेवटी सांधाच फाटतो. आत मऊ रॉड पाहिजे. स्टेनलेसचा. तो ओढला की ताणतो, दाबला की दबतो. कडक रॉड फक्त वरून, धारेपुरता."

"हे बरोबर आहे," ताई म्हणाल्या. टर्नरनेही मान हलवली. इथवर सगळं खरंच होतं, आणि खऱ्याचा असा पाट मांडून ठेवला की खोटं त्यावर ऐसपैस बसतं, ही मिस्त्रींची जुनी पद्धत.

"पण मऊ रॉडही कसा? जरासुद्धा दमट चालत नाही. दमट रॉडमुळे आत बारीक तडे जातात आणि ते आपल्याला मागाहून कळतं. म्हणून ओव्हनमधून एकेक रॉड गरम काढायचा आणि लगेच वापरायचा. पातं आधी हळूहळू तापवायचं. बोटभर वेल्डिंग करायचं, थांबायचं, हातोडीने हलकेच थोपटायचं, पुन्हा बोटभर. अंगाईच म्हणा ना. मी खरंच गुणगुणत होतो. आणि शपथेवर सांगतो ताई, चुकीचा सूर लागला की पातं कण्हायचं."

ताईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. मिस्त्रींनी तो बरोबर टिपला आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"झालं वेल्डिंग. पातं कोरड्या राखेत पुरलं, सावकाश गार व्हायला. मी निघालो घरी. दारापर्यंत गेलो, तोच मागून आवाज. टिक्. परत आलो, बंद. पुन्हा दारापाशी गेलो, पुन्हा टिक्. मी जवळ असलो की गप्प. म्हणजे बघा, इतकं कडक पोलाद, ज्याने कानस खाल्ली, त्याला एकटं राहवेना. शेजारी स्टूल टाकून बसलो. बसलो तर बोलावंही लागतं. मग त्याला सांगितलं माझं लग्न कसं ठरलं, मुलगी पहिल्यांदा चालली ती कशी थेट रस्त्यावर पोचली, सासऱ्यांच्या सायकलचं मी काय केलं. सगळं ऐकून घेतलं त्याने. एक तडा नाही."

"सायकलचं काय केलंत?"

"ते राहू दे. मुद्दा असा की राखण लागते. कडक जिनसाला जरा जास्तच लागते. वरून कळत नाही."

हे शेवटचं मिस्त्री जरा हळू बोलले. ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. दाढी दोन दिवसांची, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. किल्लीवरचा त्यांचा हात सैल झाला.

"अजून किती दिवस बसावं लागेल?"

"पोलाद सांगेल तेवढे."

"म्हणजे काल होतात?"

"काल तर होतोच. काल जास्तच कुरकुर होती."

"आणि आता कुठे आहे ते?"

"आहे की," मिस्त्री म्हणाले आणि मागच्या राखेच्या हौदाकडे हात केला. "झोपलंय."

ताई उठल्या. "बघू तरी, एवढं नखरेल पातं."

"नको ताई, वारा लागेल. गार वाऱ्याने सगळी मेहनत पाण्यात जायची. आज नको. उद्याही नको. मी सांगेन ना तुम्हाला." मिस्त्री उठून त्यांच्या आणि हौदाच्या मध्ये उभे राहिले. हात किंचित पसरलेले, जणू खरंच मागे कोणी निजलं होतं. "त्याला आत्ताच कुठे माझ्या आवाजाची सवय होतेय."

ताई थांबल्या. किल्ली त्यांच्या चिमटीत होती, धड दिलेली नाही, धड ठेवून घेतलेली नाही.

टर्नरने पेल्याच्या तळाशी गेलेलं बिस्किट बोटाने काढलं, खाल्लं, बोट पँटला पुसलं. मग मिस्त्रींकडे बघून, त्याच्या लेथवरच्या सावकाश आवाजात, तो म्हणाला,

"पातं परवाच गेलं की रे. ट्रकवर चढवताना दोर मी आवळला, दुसरं टोक तुझ्या हातात होतं. मग काल तू कोणाजवळ बसला होतास?"