पळसफुलांचे विमान

मित्रांनो, पिवळ्या कापडाचे पंख, दोन माणसांपुरती बैठक आणि पुढे लाकडी पंखा, असे एक लहानसे जुने विमान आज तुमच्याशी बोलत आहे. मोठ्या विमानतळावर तुम्ही पाहता तसला मी नाही. माझ्यात नाश्ता मिळत नाही आणि खिडकीही नाही, दोन्ही बाजूंनी नुसता वारा. सिल्वासाजवळच्या मसाटच्या कारखान्यांची रांग जिथे संपते तिथे एक पत्र्याची शेड आहे. मी त्या शेडमध्ये असतो. पूर्वी मी तिथे फक्त पुढच्या रविवारपर्यंत असायचो, आता कायमचा आहे.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका छोट्या कार्यशाळेत झाला. हलक्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेले कापड, कापडावर रंगाचे सहा हात. पहिली काही वर्षे एका उड्डाण क्लबात शिकाऊ मुलांनी मला आदळत आदळत उतरवले. मग एके दिवशी मला ट्रकवर चढवून सिल्वासाला आणले गेले, कारण श्रीकांतसाहेबांनी मला घेतले होते.

श्रीकांतसाहेब नाशिकचे. मसाटला धाग्याच्या कारखान्यात ते यंत्रे सांभाळत. सहा दिवस त्यांच्या कानात चात्यांचा घरघराट असे आणि सातव्या दिवशी माझा. त्यांच्याकडे हौशी वैमानिकाचा परवाना होता. त्या परवान्याची पाने ते देवघरातल्या पोथीसारखी लाल कापडात बांधून ठेवत. त्यांच्या पत्नी, ज्योतीताई, हसून म्हणत, "रविवारी यांची दुसरी बायको जिंकते. काय करणार, तिला पंख आहेत, मला गुडघेदुखी!"

माझी धावपट्टी म्हणजे गवताचा एक सरळ पट्टा. ती राखायचे काम झुंबरचे. झुंबर त्याच कारखान्यात पॅकिंगला होता. मूळचा शहाद्याकडचा, डोकमर्डीच्या चाळीत आईसोबत राहणारा. मी उडण्याआधी तो चपला काढून सगळी पट्टी अनवाणी चालून यायचा. साहेब म्हणायचे, "अरे, बूट घाल, काटा भरेल." तो म्हणायचा, "बुटाला खडा कळत नाही साहेब, तळपायाला कळतो." त्याच्या तळपायाने पास केल्याशिवाय माझे चाक कधी फिरले नाही. इतक्या वर्षांत माझे एकही टायर फुटले नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

मित्रांनो, आता माझ्या आयुष्यातली सगळ्यात गोड गोष्ट ऐका. खानदेशातून आलेले कामगार डोकमर्डीच्या मैदानावर दर फाल्गुनात हरिनाम सप्ताह बसवतात. सात दिवस पारायण, सात संध्याकाळी कीर्तन आणि शेवटच्या सकाळी काल्याचे कीर्तन. त्या दिवसांत इकडच्या डोंगरांना पळस फुललेला असतो. चाळीतल्या बायका पहाटे जाऊन पाकळ्या वेचून आणत. पाकळ्यांची गोणी साहेबांच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर पट्ट्याने बांधली जाई, अगदी माणसासारखी. झुंबरची आई केसरबाई तिला हळदीकुंकू लावे आणि म्हणे, "सांभाळून बस वं बाई, खाली वाकू नको."

बरोबर दहा वाजता प्रभाकरबुवा कीर्तनात थांबत. टाळ थांबत, मृदंग थांबे आणि मग माझा आवाज ऐकू येई. मी मैदानावर येताच साहेब गोणीची दोरी ओढत. हजार माणसांच्या डोक्यांवर केशरी पाकळ्या गिरक्या घेत उतरत. बुवा वर बोट करून म्हणत, "पाहा! हे विमान इंजिनावर उडतंय असं तुम्हाला वाटतं. नाही. इंजिन नुसतं ढकलतं, उचलतो वारा. तुम्ही धडपड करा, उचलणारा निराळा आहे!" आणि त्यावर जो गजर होई तो मला वरपर्यंत ऐकू येई. मित्रांनो, मी यंत्र आहे, मला पुण्य कळत नाही. पण त्या गजरात माझ्या नळ्या थरथरत, ते केवळ इंजिनामुळे नव्हे.

मग दिवस पालटले. सीमेवर तणाव वाढला. शहरात भोंगे वाजवून सराव झाले. आभाळाबद्दल रोज नवा हुकूम येऊ लागला. लग्नात वरून चित्रीकरण करणाऱ्या संजूचे ड्रोन कपाटात गेले. कारखान्याच्या फाटकावर कामगारांचे जेवणाचे डबे उघडून पाहू लागले. चाळीतल्या प्रत्येक भाडेकरूला चौकीत जाऊन फॉर्म भरावा लागला. केसरबाईकडे तीन फोटो मागितले, तेव्हा ती शिपायाला म्हणाली, "तीन कशाला रे भाऊ? मी काय पळून जाऊ? हे मने गुडघे पाह्य, जिना उतरले तरी पुष्कळ."

माझ्यासारख्या खासगी विमानांना तर जमिनीवरच बसवले. प्रत्येक उड्डाणाला वेगळी परवानगी, आणि परवानगीला चार कार्यालये. मी त्या नियमांना वाईट म्हणत नाही. घर सांभाळणारा दाराला कडी लावणारच. पण आत कोण राहिले आहे, हे कडी पाहत नाही.

साहेबांची वेळ संपत आली होती. वय त्रेसष्ट, रक्तात साखर. एकतीस मार्चला त्यांच्या डॉक्टरी दाखल्याची मुदत संपत होती, आणि पुढे दाखला मिळणार नाही असे डॉक्टरांनी तोंडावर सांगितले होते. दाखला नाही तर परवानाही नाही. सप्ताह मार्चच्या मध्याला होता. म्हणून साहेबांनी पौषातच अर्ज केला: फक्त एक फेरी, वीस मिनिटे, डोकमर्डीचे मैदान, फुले. एका कार्यालयाने विचारले, फुले म्हणजे नेमके काय? साहेबांनी पाकळ्या पाकिटात घालून पाठवल्या. दुसऱ्याने विचारले, वजन किती? साहेबांनी तेही कळवले. तिसऱ्याने सांगितले, काही हरकत दिसत नाही, चौथ्याकडून येऊ द्या. ज्योतीताई म्हणाल्या, "शेवटचं एकदा उडू द्या यांना, मग मी आयुष्यभर यांची चिडचिड सहन करीन." साहेब मात्र खुशीत होते. चार दिवस माझ्या तारा पुसत बसले.

आणि इथे झुंबरच्या हातून चूक झाली.

सप्ताहाची पत्रिका दरवर्षी महिनाभर आधी छापतात. मजकूर तोच, फक्त तारखा बदलतात. यंदाही छापली गेली: "रविवारी सकाळी दहा वाजता काल्याच्या कीर्तनात विमानातून पुष्पवृष्टी." पहिली पत्रिका देवापुढे ठेवली. मग झुंबर अक्षता घेऊन घरोघरी निघाला. वाटेत पोलीस चौकी लागली. त्याच्या मनात आले, एवढे भाडेकरूंचे फॉर्म इथल्या फौजदारसाहेबांनीच सांभाळून भरून घेतले, यांना वगळायचे कसे? त्याने आत जाऊन टेबलावर अक्षता ठेवल्या, पत्रिका दिली आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, काल्याला तुम्हीच प्रमुख पाहुणे."

फौजदार भला माणूस. त्याने पत्रिका दोनदा वाचली. मग कपाळाला हात लावून हळूच म्हणाला, "झुंबरभाई, ये आपने लिख के दे दिया? परमिशन आई नहीं, और टाइम छाप दिया? अब मैं इसका क्या करूँ?"

"काय करू नका साहेब, या फक्त. सोबत वहिनींना आणा."

पण चौकीच्या टेबलावर आलेला कागद परत देता येत नसतो. पत्रिका वरच्या कार्यालयात गेली. तिसऱ्या दिवशी हुकूम आला: विनापरवाना उड्डाण जाहीर केल्याबद्दल अर्ज फेटाळला आहे, विमान सील करावे. शेडच्या दाराला लाख लागली. माझ्या अंगाला पहिल्यांदा लोखंडी साखळी लागली.

झुंबर साहेबांच्या घरी जाऊन उंबऱ्यातच बसला. "साहेब, मी घात केला तुमचा."

साहेब उठून दारापर्यंत आले. मग म्हणाले, "अरे, तू आमंत्रण दिलंस. आमंत्रण देणं कधीपासून घात झाला? ऊठ. ज्योती, याला चहा दे. आणि झुंबर, पत्रिकेत माझं नाव तरी नीट छापलं होतंस का?"

"हो साहेब. वैमानिक म्हणून."

"मग झालं," असे म्हणून साहेब आतल्या खोलीत गेले, ते संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत.

काल्याच्या दिवशी काय झाले ते मला झुंबरने पत्र्याच्या फटीतून सांगितले. तो माझ्याशी बोलतो, हे कुणाला सांगू नका. दहा वाजता बुवा सवयीने थांबले. टाळ थांबले. हजार माणसांनी माना वर केल्या. आभाळ अगदी स्वच्छ होते, साधी घारसुद्धा नव्हती. केसरबाईने टोपलीतून मूठभर पाकळ्या उधळल्या, त्या पहिल्या दोन ओळींपर्यंत पोहोचल्या. साहेब मांडवात शेवटच्या ओळीत बसले होते. एवढ्या वर्षांत त्यांनी तो काला जमिनीवरून कधी पाहिला नव्हता. सगळे वर पाहत होते आणि ते एकटे खाली पाहत होते. पुढचे विमानाचे वाक्य बुवांनी गाळले. त्यांनी नुसता गजर धरला, आणि तो झुंबरला त्या दिवशी अर्धाच वाटला.

एकतीस मार्च गेला. कार्यालये आपापल्या जागी आहेत, परवाना लाल कापडात आहे, पण आता तो नुसता कागद आहे.

शेवटचे पत्र पावसाळ्यानंतर आले. मालकाकडे वैध परवाना नाही, म्हणून विमान मान्यताप्राप्त तळावर हलवावे, नाहीतर उड्डाणास कायमचे अयोग्य करून तारखेसह छायाचित्र सादर करावे. साहेबांनी सात ठिकाणी विचारले. मला ठेवून घ्यायला कोणीही तयार झाले नाही.

काल चौकीतला एक शिपाई आला. त्याने सील काढले. झुंबरने लोखंड कापायची करवत हातात घेतली, तर साहेब म्हणाले, "तू नको. तू बाहेर थांब." त्यांनी स्वतः माझ्या डाव्या पंखाच्या मुख्य नळीवर करवत ठेवली. मध्ये दोनदा थांबले, घाम पुसला. मग उजवी. मला दुखले का, असे विचारू नका. ज्या हातांनी माझ्या तारा पुसल्या त्याच हातांत करवत होती, तेच मला जास्त लागले.

शिपायाने मोबाईल वर धरला. "साहेब, जरा बाजूला व्हा ना. फोटोत तुम्ही येताय."

साहेब माझ्या मोडलेल्या पंखाला टेकून उभे होते. ते हलले नाहीत. म्हणाले, "येऊ दे. पत्रात कायमचे अयोग्य लिहिलंय ना, मग दोघांचाही येऊ दे."

शिपायाने फोटो काढला. तो आता कुठल्यातरी फायलीत आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही नियम लिहितील, काही नियम पाळायला लावतील. नियम लिहा, जरूर लिहा. पण दाराला सील लावण्याआधी एकदा आत वाकून पाहा आणि जे दिसेल ते त्याच कागदावर लिहा. आणि तेवढेही तुमच्या हातात नसेल, तर ज्या माणसाचे आवडते काम बंद झाले आहे त्याच्याकडे जाऊन थोडा वेळ बसा. त्याची समजूत घालू नका. साहेबांची समजूत घालणारे पुष्कळ आले, शेजारी बसणारे कोणी आले नाही, आणि मला तर बसता येत नाही.