हमामातला होकार

सून पसंत करायची ती हमामात, हे आमच्या कैरोत कुणाला सांगावं लागत नाही. रस्त्यात पोरी बुरख्यात असतात. घरी बघायला जावं तर आया त्यांना काजळ-अत्तरात बुडवून समोर बसवतात. हमामात वाफेपुढे कुणाची लबाडी चालत नाही. म्हणून तफीदा त्या सकाळी पंचा गुंडाळून गरम ओट्यावर बसली होती आणि उम्म शहाता, म्हणजे नवऱ्या मुलाची, शहाताची आई, तिचे केस ओढून बघत होती.

"खरे आहेत," उम्म शहाता नाराजीनंच म्हणाली. "अक्रोड फोड."

तफीदानं दातांनी अक्रोड फोडला.

"हं. आता चालून दाखव. घसरू नकोस, लंगडी सून नकोय मला."

तफीदा चालली. एरवी असं कुणी वागवलं असतं तर तिनं चार शब्द सुनावले असते, पण आज तिनं जीभ दाताखाली धरली होती, कारण या बाईच्या होकारावर तिचं सगळं अडलं होतं.

ती साधी पोर नव्हती. सरकारनं बायकांसाठी हकिमीची शाळा काढली तेव्हा चांगल्या घरच्या आयांनी आपापल्या मुली लपवल्या, मग अनाथ मुली गोळा करून शाळा भरली, त्यातली ही एक. ती हाडं शिकली, नाडी शिकली, देवी टोचायला शिकली, अडलेलं मूल फिरवायला शिकली आणि परीक्षेत पहिली आली. दूरच्या मन्सूरा गावी तिची नेमणूक झाली. पगार, दवाखान्यासाठी खोली, वर फिरायला गाढव! मन्सूऱ्यात बायकांना बघणारं कुणी नव्हतं, आणि ती खोली कशी मांडायची, खिडकी कुठल्या बाजूला हवी, हे तफीदानं मनात ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

फक्त एकच खोडा होता. बिनलग्नाच्या हकीमबाईला सरकार परगावी पाठवत नसे. तिनं एखाद्या हकिमाशी लग्न करायचं, मग दोघांना मिळून पाठवायचं. आता काय म्हणावं याला? शिकली ती, परीक्षा दिली तिनं, आणि नेमणुकीला लागतो नवरा! शहाताला कुणी विचारलं नव्हतं की बाबा रे, तुझी बायको कुठाय.

मन्सूऱ्याला निघालेला बिनलग्नाचा हकीम हा शहाता एवढाच. मुलगा तसा गुणी. शाळेच्या अंगणात तफीदासमोर उभं केलं तेव्हा आपल्या जोड्यांकडे बघत म्हणाला, "माझी काही हरकत नाही. तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात, तेही मला माहीत आहे. फक्त आईनं हो म्हटलं पाहिजे." माणसाचा पाय कापताना याचा हात थरथरत नसे, पण आईचं नाव काढलं की आवाज बसे. आईनं नाही म्हटलं तर मन्सूरा गेलंच. मग तफीदानं जन्मभर शाळेत पट्ट्या गुंडाळत बसायचं.

म्हणून खदरानं तिला बजावलं होतं. खदरा तिची शाळेतली मैत्रीण, तफीदाला आई नाही म्हणून आज मुलीकडची माणसं म्हणजे ती एकटीच. "खाली बघ. गोड हस. आणि खुदाच्यासाठी, एकाही हाडाचं नाव तोंडातून काढू नकोस."

"हात बघू," उम्म शहाता म्हणाली. तिनं तफीदाचे पंजे उलटसुलट केले, हुंगले. "कापराचा वास येतोय. आणि हे दंड बघा! सून आहे की पाणक्या?"

"कामानं झालेत, खाला."

"ते काम आता पुरे. लग्न झालं की ती औषधांची पिशवी खुंटीला. माझ्या शहाताला मुलुखियाची पालेभाजी लागते रोज, बारीक चिरलेली. चिरता येते?"

खदरानं मागून चिमटा काढला. हो म्हण, हो म्हण, असा तो चिमटा होता. तफीदानं तोंड उघडलंही होतं, पण खोटं काही बाहेर पडेना.

"मुलुखिया मी चिरीन, खाला," ती म्हणाली. "पण पिशवी खुंटीला लागणार नाही. मी मन्सूऱ्याला हकीम म्हणून चाललेय. सरकारनं मला गाढवसुद्धा दिलंय."

"गाढव?" उम्म शहाताचे डोळे मोठे झाले. "तुला? आणि माझा मुलगा?"

"त्यांनाही मिळेल. जरा उशिरा."

"म्हणजे तू वर बसणार आणि माझा शहाता लगाम धरून पुढे चालणार?" एवढं बोलून उम्म शहाताला जे हसू फुटलं ते काही विचारू नका. तिनं मांडीवर थाप मारली, मान मागे टाकली, सगळे दात दाखवले आणि घुमटाकडे बघून खदाखदा हसली. हसता हसता कट्‌ असा आवाज झाला आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"आआआआ," उम्म शहाता म्हणाली. घाबरून ती जीभ इकडून तिकडे हलवू लागली. "आआ-ला-ला-ला-आआ!"

आता वाफेतून बाकीच्या बायांना काय दिसलं? नवऱ्या मुलाची आई, मान मागे, तोंड आकाशाकडे, जीभ लवलवतेय. जगरूता! आनंदाची आरोळी! मुलगी पसंत! पलीकडच्या हौदावरून एकीनं उत्तरादाखल जीभ लवलवली, मग दुसरीनं, मग अख्खा हमाम उलूलूनं दणाणला. कुणीतरी पितळी तांब्यावर ताल धरला. हमामवाली बाई ओरडली, "मुबारक! गुलाबाचं शरबत काढा गं!" आणि एक लठ्ठ म्हातारी कंबर हलवत नाचायलासुद्धा लागली.

"आआआ!" उम्म शहाता जीव तोडून नकार द्यायला बघत होती, आणि तिच्या प्रत्येक नकाराला बाया दुप्पट जोरानं दाद देत होत्या.

खदरानं तफीदाला मिठी मारली. "जमलं! अगं, जमलं!"

"जमलं कसलं, जबडा निखळलाय तिचा," तफीदा पुटपुटली. कानापुढचा खळगा, पुढे आलेली हनुवटी, ओघळणारी लाळ. तिनं एका नजरेत ओळखलं होतं.

खदरा तिच्या कानाशी लागली. "राहू दे की जरा! शरबत एकदा फिरू दे. हमामात जगरूता झाला, शरबत प्यायलं, की अख्खा मोहल्ला साक्षीदार. मग कुठली आई मागे फिरते? नंतर बसव सावकाश."

तफीदाला मन्सूऱ्याची खोली दिसली. शरबताचे पेले भरले जात होते. फक्त हात बांधून बसायचं होतं, बाकी सगळं आपोआप होणार होतं. आणि बसवला जबडा, तर त्यातून बाहेर पडणारा पहिला शब्द कोणता असेल हेही तिला पक्कं ठाऊक होतं. मग तिनं उम्म शहाताकडे पाहिलं. म्हातारीच्या डोळ्यांतून भीतीनं पाणी वाहत होतं आणि तिच्याभोवती सगळ्या नाचत होत्या.

"बंद करा तो तांब्या!" तफीदा ओरडली. "खाली बसवा यांना. खदरा, मागून डोकं धर!"

"जिन्न आहे गं!" नाचणारी म्हातारी किंचाळली. "हमामातला जिन्न शिरलाय! जोड्यानं मारा!"

"जोडा उगारलात तर तुमचाही जबडा निखळवीन, आजी!" तफीदानं दोन्ही अंगठ्यांना फडकं गुंडाळलं, उम्म शहाताच्या दाढांवर ठेवले आणि त्या पाणक्याच्या दंडांचा सगळा जोर लावून जबडा खाली दाबला, मागे सरकवला. खट्‌! तोंड मिटलं. तफीदानं पंच्याची पट्टी काढून हनुवटी डोक्याशी बांधली आणि बजावलं, "आता तोंड उघडायचं नाही."

शरबतवाली पेला हातात धरून तशीच उभी.

"मी," उम्म शहाता दातांतल्या दातांत म्हणाली, "नाही म्हणत होते."

"माहीत आहे, खाला."

"माहीत होतं? मग बंद कशाला केलंस?"

"दुखत होतं तुम्हाला." सगळं गेलं, हे तिला कळत होतं. "आणि असला होकार चोरून मी मन्सूऱ्याला कुठल्या तोंडानं गेले असते?"

उम्म शहातानं डोळे पुसले. "शहाताला येतं का हे? जबडा बसवणं?"

"येतं की. उत्तम येतं."

"येऊन उपयोग काय मेल्याचा! बायकांच्या हमामात त्याला घेणार कोण? मी इथं आ वासून मेले असते आणि तो दाराबाहेर रडत बसला असता." तिनं हनुवटीवरची पट्टी चाचपली. "मन्सूऱ्यात बायकांचं असं काही झालं तर कोण बघतं?"

"कुणीच नाही, खाला. अजून तरी नाही."

उम्म शहाता ओट्यावर ताठ बसली आणि थिजून उभ्या असलेल्या बायांकडे वळली.

"जगरूता का गं थांबवलात?" मिटल्या दातांनीच ती खेकसली. "मला तोंड उघडायला हकीमबाईंनी मनाई केलीय. तुम्हाला नाही केली!"