पू नसलेली जखम

दीड महिन्याची पोर, आणि अजून नाळ गळाली नव्हती. वाळलेल्या देठासारखी बेंबीला धरून होती. एवढ्याचसाठी तिला इस्पितळात ठेवलं होतं, आणि त्याच इस्पितळाच्या तळमजल्यावर तिची सख्खी मावशी रुग्णांच्या नमुन्यांच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची.

तीन दिवस बेंबीवरून पुसून घेतलेल्या नमुन्याची काच मावशीच्याच हाताखालून गेली. तिन्ही वेळा जंतू दिसले. पण पू-पेशी औषधालासुद्धा नाही. त्या टेबलाचा रिवाज ठरलेला: जंतू आहेत पण पू नाही, म्हणजे ते कातडीवरचे, नमुन्यात आलेले. मावशीने तिन्ही वेळा लिहिलं, ‘संसर्गाची खूण नाही.’ डॉक्टरांनी औषध थांबवलं. आज दुपारी घरी जायचं होतं.

डबा द्यायला ती वर गेली, तेव्हा धाकटी बहीण, पोरीची आई, दुपटी घडी करत होती.

“ताई, बघ तरी, किती स्वच्छ जखम!”

“आमच्या घरात सगळंच स्वच्छ,” बहिणीची सासू म्हणाली. “पोरीने आजीवर जायचं नाही तर कुणावर?”

“तुमच्यावर गेली असती तर अशी गप्प पडली असती का?” ताई म्हणाली.

तिघी हसल्या. ताईने वाकून पाहिलं आणि तिचं हसू ओठांवरच थिजलं. बेंबीभोवती, खपली वाटावी असा, रुपयाएवढा काळा डाग होता. कडेला लाली नाही, सूज नाही, ओल नाही. मांस मरत होतं आणि अंगाला त्याचा पत्ताच नव्हता. सगळ्या वाड्याला आग लागावी आणि कुत्रंही भुंकू नये, तसं.

खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या कागदावर रक्ताचा आकडा होता. रक्ताचं टेबल वेगळं. तो तिने पाहिलाच नव्हता. पांढऱ्या पेशी अठ्ठावन्न हजार. एवढ्या लेकराला दहा-बारा हजार पुष्कळ झाल्या.

एवढी फौज निघालीय, मग पोचत का नाही?

“हिच्या टाचेतून एक थेंब घेऊ?”

“आता कशाला गं? आम्ही निघालोय.”

“माझ्यासाठी.”

खाली आपल्या टेबलाशी येऊन तिने एका काचेवर भाचीचा थेंब घेतला, दुसऱ्यावर स्वतःचा. दोन्ही काचा तिने ओल्या कागदावर ठेवून उबेच्या पेटीत सरकवल्या. निरोगी पांढऱ्या पेशीच्या अंगावर चिकटणारे रेणू असतात. जखमेजवळ आलं की त्यांच्याच बळावर ती रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट धरते, थांबते आणि भिंतीतून पलीकडे शिरते. काचेलाही ती तशीच धरते. अर्ध्या तासाने ताईने दोन्ही काचा खारट पाण्याने धुतल्या, रंगवल्या, सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या.

स्वतःच्या काचेवर जांभळ्या पेशी हातपाय पसरून बसल्या होत्या.

भाचीच्या काचेवर कुणीच नव्हतं. तिने काच डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली. नुसता पांढरा उजेड, जणू तिथे रक्त कधी टेकलंच नव्हतं. बाळाच्या नसांतून या घटकेला हजारो पेशी त्या काळ्या डागाच्या दाराशी येत होत्या, घरंगळत होत्या आणि पुढे वाहून जात होत्या. अगदी निमूट. “देवा, एवढं दिलंस,” ती पुटपुटली, “आणि थांबायचंच कसं विसरलास रे शिकवायला?”

वर डॉक्टर घरी जायच्या कागदावर सही करतच होते.

“अहो बाई, तीन वेळा तुम्हीच लिहिलंत ना, संसर्ग नाही म्हणून?”

“लिहिलं. ते चुकलं, साहेब. पू नाही म्हणून जंतू खोटे धरले. पू होणारच नाही हिला. पेशी भिंत धरत नाहीत. या बघा काचा.”

त्यांनी तिच्याबरोबर खाली येऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पहिली काच, दुसरी, मग पुन्हा पहिली. कपाळावरची आठी विरली आणि चेहरा उतरला. हातातला घरी जायचा कागद त्यांनी उभा फाडला. “औषध आत्ता सुरू करा. शिरेतून. मोठ्या प्रयोगशाळेत रक्त आजच गेलं पाहिजे. आणि आईबापांना बोलवा. अस्थिमज्जा बदलण्याचं बोलावं लागेल.”

बहिणीला ताईनेच सांगितलं, तिन्ही अहवालांसकट. बहिणीने घडी केलेलं दुपटं पुन्हा उलगडलं.

“उद्या आम्ही घरी असतो, ताई.”

“हो.”

“आणि ही? राहिली असती?”

परिचारिका सुई घेऊन आली, तशी ताई पुढे झाली आणि भाचीचा इवलासा हात तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.