दोन वर्तुळं जास्त

असं समजा, तुमच्यापुढे रंगाच्या छोट्या डब्यांची एकसारखी गोल झाकणं पडली आहेत. एक मध्ये ठेवा. आता त्याला चिकटून, आणि एकमेकांनाही चिकटून, भोवती बाकीची मांडत जा. किती बसतील? घाई करू नका. सहा बसतात. सहावं झाकण अलगद येऊन भोवतीच्या पहिल्याला टेकतं. फट राहत नाही, दाटीही होत नाही. मग तुम्ही मोठी झाकणं घेता, तरी सहा. शर्टाची बटणं घेता, तरी सहाच. हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. आता सांगा, तुमच्याच्यानं गप्प बसवेल का?

आपल्या गोष्टीतल्या मुलीच्यानंही बसवलं नाही. घरात तिला ठिणगी म्हणत. तिचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, घराच्या पुढच्याच खोलीत. ही झाकणं तिथलीच.

शाळेत बाईंनी सांगितलं होतं, "गणिताच्या वहीचं मुखपृष्ठ स्वतः करा. फुलं-पानं नकोत. यंदा तुम्हाला गणितात स्वतःला काय सापडलं, ते काढा. सोमवारी एकेकानं पुढे येऊन सांगायचं."

रविवारी ठिणगीनं जाड पांढऱ्या कार्डावर झाकणं ठेवून पेन्सिलीनं वर्तुळं काढली. मध्ये एक, भोवती सहा. मधल्या वर्तुळात बारीक अक्षरात 'गणित' लिहिलं. आईनं जेवायला हाक मारली, तेव्हा कार्ड बाबांच्या टेबलावर ठेवून ती आत गेली. जेवून तिथेच तिचा डोळा लागला.

आता बाबांचं ऐका. पाटी हातात आली की ते आधी तिच्यावर पांढऱ्या रंगाचा एक हात मारायचे. खालची पेन्सिल म्हणजे नुसता अंदाज. ती झाकायचीच असते. लेकीचं कार्ड समोर दिसलं आणि हात आपसूक डब्याकडे गेला. तिला जरा खूश करू, एवढंच त्यांच्या मनात होतं.

ठिणगी उठून आली तेव्हा तिथे तिचं चित्र नव्हतं. मध्ये भलंमोठं लाल वर्तुळ होतं. त्यात सोनेरी, सावली दिलेली अक्षरं: गणित. आणि भोवती आठ निळी वर्तुळं, चकचकीत, ओली.

"काय, कसं आहे?" बाबांनी विचारलं.

"सहा होती."

"मधलं मोठं केलं ना. अक्षर रस्त्याच्या पलीकडून वाचता यायला हवं. मग भोवती आठ लागली."

"वही रस्त्याच्या पलीकडून कोण वाचतं, बाबा?"

शेजारी ब्रश धूत बसलेले काका खो-खो हसले. "दादा, बघ! गिऱ्हाइकाला दोन वर्तुळं फुकट दिलीस, तरी तोंड वाकडंच!"

"काका, तू हसू नकोस!"

आई दारात आली. "किती सुरेख झालंय गं. वर्गात कुणाचं असं नसेल."

"माझंही नाहीये हे! माझं कुठंय?"

"आहे की, खाली," बाबा म्हणाले. "त्याच्यावरच नीट करून दिलं."

"मला विचारलंत?"

बाबांच्या कपाळावर आठी आली. "दुपारभर पाठ मोडून बसलो, त्याचं हे बक्षीस? लोक पाटीसाठी चार-चार खेपा घालतात माझ्याकडे."

"मी नव्हती घातली खेप!"

"आवाज खाली," आई म्हणाली. "आधी तोंड धुऊन ये."

राग आलेल्या मुलांना मोठी माणसं हटकून तोंड धुवायला पाठवतात. राग जणू गालाला लागलेला असतो. ठिणगी जागची हलली नाही. तिचे कान तापले होते.

"उद्या बाईंना काय सांगू? एकसारखी आठ बसतात म्हणून? खोटं सांगू?"

"अगं, बाई काय मोजायला बसणार आहेत?"

बाबा हे सहज बोलून गेले. पण ठिणगीला रडू येत होतं ते तिथेच थांबलं. चित्र गेलं ते गेलं. पण तिला जे सापडलं होतं, ते कुणी मोजणारसुद्धा नव्हतं. सहा काय, आठ काय, सारखंच.

तिनं फळीवरची झाकणं ओंजळीनं उचलली आणि टेबलावर आदळली. एक मध्ये. सहा भोवती. उरलेलं एक तिनं बाबांच्या हातात कोंबलं.

"हे बसवा."

"हट्टी आहे हां," काका म्हणाले.

"काका, तूसुद्धा ये. बसवा दोघं मिळून."

बाबांनी दोन झाकणं जरा सरकवली, तर तिसरं मधल्यापासून सुटलं. ते आत ढकललं, तर पलीकडचं बाहेर आलं. काका पुढे वाकले. त्यांनीही ढकलाढकली करून पाहिली. ब्रशचं पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होतं, तिकडे लक्ष नव्हतं. बाबांनी आणखी एकदा पाहिलं, मग ते झाकण मुठीत धरून उभे राहिले.

"बसत नाही," ते हळूच म्हणाले.

"मला माहीत होतं," ठिणगी म्हणाली. "तेच काढलं होतं मी."

मग बाबांनी घसा खाकरला. "बरं, असं करतो. मधलं लहान करतो आणि भोवती सहा. पाच मिनिटांचं काम आहे." आणि त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा पुढे ओढला.

ठिणगीनं डब्यावर हात ठेवला. "नाही."

"अगं, आता तुझ्या मनासारखंच करतोय ना?"

"तुम्ही नाही करायचं."

"घरात दुसरं कार्ड नाहीये," आई म्हणाली. "दुकानंही बंद आहेत आज. करू दे त्यांना."

ठिणगीनं कार्ड दोन्ही कडांना धरून उचललं.

"ओलं आहे! ओलं आहे ते!" काका ओरडले.

तिनं ते उलटं केलं आणि लाल, निळा, सोनेरी सगळा रंग टेबलावर पालथा घातला. मागची बाजू कोरी होती, एका कोपऱ्यात तेवढा तेलाचा डाग उमटला होता. तिनं तळहातानं कार्ड दाबून बसवलं, बाबांच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली, आणि मधोमध झाकण ठेवून पहिलं वर्तुळ काढायला सुरुवात केली.