नॉर्वेचं ‘नाही’

अमेरिकेत पिस्कॅटवेच्या विद्यापीठात दादाराव पीएच.डी. करत होता, आणि विषय काय, तर बहात्तर साली नॉर्वेने युरोपच्या सामायिक बाजारात जायला नकार का दिला. नागपूरच्या माणसाने नॉर्वेच्या कोळ्यांची काळजी करावी, याचं सगळ्यांना हसू यायचं. त्याचं उत्तर मात्र तयार होतं. लोक घाबरले. एवढा फायदा समोर असून देश अडून बसला. कोतेपणा, दुसरं काय.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत युरोपच्या नव्या करारावर डेन्मार्कमध्ये मतदान होतं. त्याच आठवड्यात मराठी मंडळाचे अध्यक्ष त्र्यंबककाका घरी आले. मंडळ मोठं, दादारावचा बौद्ध संघ जेमतेम बारा घरांचा.

“वेगळी चूल कशाला मांडता? मंडळात या,” काका म्हणाले. “हॉल आमचा, जेवण आमचं. पाडवा आणि बाबासाहेबांची जयंती एकत्रच करू.”

काका माणूस लाख मोलाचा. दादाराव पहिल्यांदा आला तेव्हा स्वतःचा कोट त्याच्या अंगावर घालून त्यांनीच त्याला विमानतळावरून आणलं होतं. त्यांना नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. रविवारी संघात ‘हो’ म्हणू या, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

“आणि पहिला मान तुमच्या आईंना,” काका म्हणाले. “गणपतीपुढची समई जाईबाईंनीच लावायची.”

चहा गाळता गाळता जाईबाईंचा हात थांबला. छप्पन साली दीक्षाभूमीवर त्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. गणपतीची पूजा करणार नाही, ही त्यातलीच एक. काकांना ते ठाऊकच नव्हतं. इतक्या वर्षांचा घरोबा, आणि ठाऊक नव्हतं. दादारावला राग नाही आला, वाईट वाटलं.

“भाऊ, कार्यक्रम कोण ठरवणार?” जाईबाईंनी विचारलं.

“मंडळ. रीतसर मतदान होतं की.”

“त्यात आमची मतं किती?”

काका प्रामाणिक. “थोडी,” म्हणाले.

आपल्या समुद्रात जाळं कोणी टाकायचं हे कोण ठरवणार, असं ते नॉर्वेचे कोळी विचारत होते. दादारावने ते शंभरदा वाचलं होतं आणि दर वेळी ‘भीती’ म्हणून बाजूला सारलं होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“काका, पाडव्याला जेवायला येऊ,” तो म्हणाला. “मंडळात मात्र नको. संघातही मी हेच सांगणार.”

काका चहा अर्धा टाकून गेले. डेन्मार्कने ‘हो’ म्हटलं त्या दिवशी त्यांचा फोन आला. “बघ, शहाणे लोक एकत्र येतात,” एवढंच म्हणून त्यांनी ठेवून दिला.

तरी जयंतीला ते आले. दादारावच्या बेसमेंटमध्ये, मागच्या खुर्चीवर, अवघडून बसले. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लावायची वेळ झाली, तशा जाईबाई पेटती मेणबत्ती घेऊन त्यांच्यापाशी गेल्या. हातात देण्याआधी थांबल्या.

“भाऊ, तुम्हाला चालेल ना?”

काकांनी मान खाली घातली. “हे मी तुम्हाला विचारायला हवं होतं,” ते म्हणाले, आणि मेणबत्ती घ्यायला उठले.