शुभेच्छुक

निकाल शनिवारी दुपारी लागणार होता आणि मी फ्लेक्स शुक्रवारीच चौकात लावून मोकळा झालो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! त्यात शाहूपुरीत फ्लेक्स छपाईचं दुकान माझंच, म्हणजे अडवणारंही कुणी नाही. दहा बाय सहाच्या फ्लेक्सवर माझी लेक वर्षाराणी हात जोडून उभी, डोक्यावर 'नाद खुळा', आणि खाली 'शालेय मंत्रिमंडळाच्या मुख्यमंत्रिपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

शनिवारी पोरगी अकरा मतांनी पडली. निवडून आली विद्याश्री, तिच्याच बाकावरची.

नुसतं पडण्याचं दुःख तिनं दोन दिवसांत पचवलं असतं. पण शाळा सुटली की सगळी पोरं त्याच चौकातून घरी जातात. त्यांनी फ्लेक्सखाली उभं राहून, हात जोडून, तिच्यासारखंच हसत फोटो काढले. मी धावतपळत जाऊन फ्लेक्स उतरवला, तोवर ते फोटो सगळ्या वर्गाच्या मोबाइलवर पोचले होते.

वर्षाराणी घरी आली ती दप्तर कोपऱ्यात टाकूनच बोलली. "मी सोमवारपासनं शाळंत जाणार न्हाय. पप्पा, तुम्हाला कुणी सांगितलंतं हे? मी म्हटलंतं व्हय?"

ती रडली नाही. रडली असती तर समजूत तरी काढली असती. फ्लेक्सची गुंडाळी काखेत धरून मी तिच्यासमोर बसलो आणि जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगायला लागलो. कारण हा गाढवपणा आमच्या घरात पहिल्यांदा झालेला नव्हता.

माझे वडील, म्हणजे अप्पा, म्हणजे गुरुसिद्ध पेंटर. एकेकाळी मंगळवार पेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. अक्षरं एका ओळीत यावीत म्हणून बाकीचे पेंटर खडू लावलेली दोरी ताणून रेघ मारून घेत. अप्पांनी कधी दोरीला हात लावला नाही. एक डोळा मिटायचा आणि ब्रश टेकवायचा. ओळ अशी सरळ यायची की लोक रस्त्यात थांबून बघत. तो टर्पेंटाइनचा वास अजून कुठं आला तर मी सगळी कामं विसरतो.

नववीत मीही मुख्यमंत्रिपदाला उभा होतो. अप्पांनी निकालाच्या आदल्या दिवशी पत्र्याची पाटी रंगवून दारात टांगली. 'चि. सोमशेखर याचे अभिनंदन.' आणि निवडून आला सयाजी, पलीकडच्या गल्लीतला, म्हशीवाल्यांचा. गल्लीत हसायला कुणी बाकी राहिलं नाही. मी माळ्यावर चढून बसलो.

"सोम्या, खाली ये," अप्पा म्हणाले. तेवढंच.

खाली येऊन बघतो तर पाटी जमिनीवर. रंग पुरता वाळलेला नव्हता. अप्पांनी रॉकेलच्या बोळ्यानं माझं नाव पुसलं आणि त्या जागी सयाजीचं लिहिलं. मग तळाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'शुभेच्छुक : सोमशेखर.' पाटी माझ्या डोक्यावर दिली आणि म्हणाले, "चल, दिऊन येऊ."

मला वाटलं, पडल्याची शिक्षा करतायत. मी अख्ख्या वाटेवर रडत होतो आणि मनात त्यांना शिव्या घालत होतो. सयाजीच्या आईनं गोठ्याच्या दारात पाटी एकेक अक्षर लावत वाचली. नुकत्याच काढलेल्या दुधाची कासंडी तिच्या हातातच होती. पहिला पेला भरून तिनं माझ्या हातात दिला. "पडल्यालं पोरगं आलंय बघ की सयाजी, पाटी घिऊन! तुझ्यानं झालं असतं व्हय?" ते कोमट, फेसाळ दूध अजून माझ्या जिभेवर आहे.

तरीही पंधरा दिवस मी अप्पांशी बोललो नाही. पुढं तो विषय ना त्यांनी काढला, ना मी. अप्पांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

सगळं ऐकून वर्षाराणीनं माझ्या काखेतली गुंडाळी ओढून घेतली. "ह्येची माघारची बाजू पांढरीच असती की."

"असती. दुकानात जाऊ, नवाच छापून..."

"छापायचं न्हाय. मी लिव्हणार. अप्पाआजोबांचे ब्रश कुठं हायत? सोमवारी जाताना विद्याश्रीच्या दारात दिऊन मग शाळंत जाऊ."

रविवारी सकाळी गच्चीवर फ्लेक्स पालथा पसरला. चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. अप्पांचे ब्रश कडक झाले होते, ते टर्पेंटाइनमध्ये भिजवले आणि गच्चीभर आमचं जुनं घर दरवळलं. वर्षाराणी म्हणाली, "रेघ मारा, मग मी लिव्हते."

रोज हातानं फ्लेक्स कापणारा माणूस मी. पेन्सिल टेकवली आणि रेघ वाकडी गेली. पुसून दुसरी मारली, तीही वाकडी. समोर पोरगी बसलेली, आणि मी केलेल्या चुकीवर ती स्वतःच्या हातानं दुसऱ्या पोरीचं नाव लिहिणार. मी पेन्सिल खाली ठेवली.

"दोरी आण," मी म्हणालो.

आणि मला ते आठवलं. त्या दिवशी सयाजीचं नाव लिहिताना अप्पांनी दोरी मागितली होती. एकदा नाही, दोनदा रेघ मारून घेतली होती. दुसरं टोक धरायला मीच बसलो होतो, फुरंगटून, मान फिरवून. मला वाटलं होतं, सयाजीची पाटी चांगली व्हावी म्हणून करतायत.

ती शिक्षा नव्हती. अप्पा माझी माफी मागत होते.

"पप्पा, ताणून धरा की," वर्षाराणी म्हणाली.