रोशनच्या हाताजोगी काठी

बल्लारपूरला स्टेशनकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर जिशानचं लेथ मशीनचं दुकान आहे. वडील नूर मोहम्मद यांनी थाटलेलं. पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरचे बुश, गेटाच्या बिजागऱ्या, असं तुटकं-फुटकं तिथं येतं आणि धड होऊन परत जातं. आपल्या डोक्यातून काढून एखादी नवी वस्तू घडवावी, असं जिशानच्या मनात आयुष्यात एकदाच आलं. तेही रोशनमुळं.

रोशन त्याचा आयटीआयपासूनचा दोस्त. दोघंही चंद्रपूरला फिटर ट्रेडला एका बाकावर. जिशाननं पुढे बापाचं मशीन सांभाळलं. रोशनचं मात्र कारखान्यात मन लागलं नाही. तो हिमालयात जाऊन चढाईचा कोर्स करून आला आणि नागभीडला बायकोसोबत, दिव्यानीसोबत, राहून लोकांना डोंगर दाखवायला लागला. नागपूरची कॉलेजची पोरं, बँकेतले साहेब, निवृत्त मास्तर, सगळ्यांना तो जवळच्या पेरजागडावर न्यायचा. उन्हाळ्यात मोठ्या गटांबरोबर उत्तराखंडात. धानाची शेती करणारे त्याचे वडील इसरूबाबा म्हणायचे, "डोंगरावर का पिकते? गोटेच ना?" आणि रोशन हसून पाठीला पिशवी लावायचा.

एक दिवस तो दुकानात आला तो मोडकी परदेशी काठी घेऊन. कुणी पाहुणा टाकून गेला होता.

"हे पाह्य बे," तो म्हणाला. "चालताना लांब होते, पिशवीत टाकाची तर आखूड होते. अशी करून दे. पन याच्याहून बरी."

"बरी म्हंजे कशी?"

"खडक चढाचा असला का दोन्ही हात मोकळे लागतात. तवा ती पटकन घडी झाली पायजे. अन् उतरताना सारं वजन तिच्यावरच येते. तवा ती बसली नाई पायजे. बस, एवढंच."

ते 'एवढंच' जिशानला एक अख्खा उन्हाळा पुरलं. अॅल्युमिनियमच्या तीन नळ्या, एकीत दुसरी सरकणारी. प्रत्येक सांध्यात आतून फुगणारा बुश, म्हणजे प्लास्टिकचं कडं. नळी पिळली की बुश फुगायचा आणि सांधा घट्ट. वजन जास्त झालं म्हणून मूठ पोकळ केली, टोक दगडावर घसरलं म्हणून पोलादी टोक बसवलं. रोशन दर रविवारी ती काठी डोंगरावर घेऊन जायचा आणि सोमवारी तिच्या तक्रारी घेऊन यायचा. दोघं चहा पीत भांडायचे. घरी हाजरा, जिशानची बायको, म्हणायची, "ही काठी म्हणजे तुमची दुसरी बायको झाली." त्या दिवसांत जिशान फार सुखात होता. हे त्याला नंतर कळलं.

काठी तयार झाली. रोशननं ती दोन हंगाम वापरली. त्याच्यासोबत चढणारे लोक विचारायला लागले, आम्हाला कधी देता? आणि मग होळीच्या सुमारास त्याचा फोन आला.

"जिशान, काठी बसली बे."

उतारावर त्यानं सगळं वजन काठीवर टाकलं आणि ती सरळ आत सरकली. तो तोंडावर पडला. हनुवटीला टाके पडले. आणखी दोन हात पुढे गेला असता तर खाली कडा होता.

जिशाननं काठी परत मागवली आणि तिचा सांधा न् सांधा उघडला. बुश झिजला नव्हता. नळीला चीर नव्हती. त्यानं काठी घट्ट केली आणि स्वतःचा सगळा भार तिच्यावर टाकला. मग गव्हाची पोती टांगली. काठी केसभर सरकली नाही. त्याला जेवण जाईना. दोस्ताचा जीव जाता जाता वाचला आणि आपल्याला दोषच सापडत नाही, हे त्याला खात होतं. शेवटी त्यानं रोशनलाच बोलावलं. दिव्यानीही सोबत आली.

"तू कसं लावते, थे माह्यासमोर लाव," जिशान म्हणाला.

रोशननं नळी धरली आणि पिळली. जिशाननं काठी हातात घेऊन जमिनीवर टेकवली. ती अलगद आत गेली.

"जोरानं पीळ ना!"

"जोरानंच पिळून राह्यलो बे."

त्यानं पुन्हा पिळलं. या वेळी जिशान काठीकडे नाही, हाताकडे पाहत होता. रोशनच्या मानेची शीर ताठ झाली होती, दात आवळले होते, आणि बोटं नळीवर नुसती फिरत होती. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस आत गेलं होतं. तिथं खड्डा पडला होता.

"थंडीनं असन," रोशन म्हणाला. दुकानात पंखा फिरत होता.

दिव्यानी हळूच बोलली, "जिशानभाऊ, यायच्या शर्टाची बटनंबी आता मलेच लावून द्या लागते. म्या म्हटलं दवाखान्यात चाला, तर आयकत नाई."

काठीत दोष नव्हता. तो असता तर किती बरं झालं असतं, असं जिशानला वाटलं. त्यानं तो कानस लावून काढून टाकला असता.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि दिव्यानीला बाहेर बसवून रोशनला खरं सांगितलं. रोशननं बाहेर येऊन तिला सांगितलं. मज्जातंतूंचा आजार. हातापासून सुरू झाला आहे, पायांत जाईल, मग गिळण्यात, मग श्वासात. औषध असं नाही. किती वेळ, ते कुणी सांगू शकत नाही.

त्यानंतर जिशाननं दुकानातली बाकीची कामं मागे टाकली. त्याच्या मनात काय होतं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. आजार हातात आहे ना? मग हाताला लागणारा जोर कमी करू. काठी सोपी होत गेली तर रोशन चढत राहील, आणि चढत राहिला तर… पुढचं वाक्य तो मनातही पूर्ण करत नसे.

पिळायची काठी गेली. सायकलच्या सीटला असते तशी पकड आली, बोटानं आडवी दाबायची. ती पावसाळ्यापर्यंत चालली. मग रोशनच्या बोटाला तीही दबेना. जिशाननं छत्रीसारखा खटका बसवला. काठीच्या मुठीला हाजरानं जुन्या दप्तराचा पट्टा शिवून दिला, म्हणजे मूठ सुटली तरी काठी मनगटाला राहील. दिवाळीत खटकाही दबेना.

त्या दिवशी जिशान नागभीडला रोशनच्या अंगणात बसला होता. खटका दाबता दाबता रोशन थांबला आणि म्हणाला, "आयक. तू हे माह्यासाठी करून राह्यला, हे मले समजते."

"मग कोनासाठी करू?"

"वर बर्फात बोटं बधिर होतात. जाडे हातमोजे घातले का अंगठ्याचं भानच राह्यत नाई. म्या धडधाकट मानसं पाह्यली, थंडीनं काठी उघडत नाई म्हनून रडताना. त्यायचा हात थ्या टायमाले माह्या हातावानीच असते. माह्या हातानं जे उघडन, थे कोनाच्याबी हातानं उघडन. मले माप समज."

जिशान ताडकन उठला. "मले लोकायसाठी काठी नाई कराची! तू काऊन असा बोलते? तुले माप समजू? तू का फूटपट्टी हायेस?"

"बस खाली."

"नाई बसत."

"बस ना बे. मले आता उठून तुले धरता येत नाई."

जिशान बसला. आतून दिव्यानीनं चहा आणला. तिनं रोशनचा कप त्याच्या ओठांशी धरला आणि जिशाननं दुसरीकडे पाहिलं.

त्या हिवाळ्यात रोशन शेवटचा डोंगरावर गेला. जिशान आणि दिव्यानी दोन बाजूंना होते. नवी काठी बोटांनी उघडायची नव्हतीच. तिच्या नळ्या आपल्या वजनानं खाली घसरायच्या आणि मुठीवर तळहात दाबला की सांधे आपोआप अडकायचे. वर एक रुंद पट्टी होती. ती मनगटानं सरकवली की काठी मिटायची, पण काठीवर वजन असेपर्यंत ती पट्टी हलायचीच नाही. हा भाग जिशानला सर्वांत जड गेला होता. जोर नसलेल्या हाताला उघडली पाहिजे आणि भाराखाली सुटता कामा नये.

अर्ध्या चढावर, जिथून खाली धानाच्या खाचरांच्या रिकाम्या बांध्या दिसायला लागतात, तिथं रोशनचे पाय थांबले. तो काठीवर पूर्ण भार टाकून उभा राहिला. वर पाहिलं. शिखर समोर होतं.

"बस," तो म्हणाला. "इथूनच पाह्यलं."

उतरताना त्याला जिशाननं पाठीवर घेतलं. तो फार हलका झाला होता. जिशानच्या कानाशी त्याचा श्वास लागत होता, आणि अडखळत्या शब्दांत तो काठीबद्दलच बोलत होता. "वजन टाकलं… सुटली नाई. चांगली झाली. पन मूठ… अजून नरम पायजे." जिशान "हो, हो," म्हणत पाय टाकत होता. त्याला पायाखालचा दगड धड दिसत नव्हता.

पुढे रोशन खाटेला लागला. जिशान बल्लारपूरहून गोंदियाच्या गाडीत बसायचा, नागभीडला उतरायचा, आणि काठी त्याच्या तळहाताखाली ठेवायचा. रोशन डोळे मिटून जोर करायचा. कधी अर्धी दबायची, कधी नाही. जिशान मुठीतली स्प्रिंग नरम करून आणायचा, तोवर हात आणखी नरम झालेला असायचा. इसरूबाबा ओसरीवर पाठमोरे बसून असत. ते खोलीत येत नसत. एकदा त्यांनी जिशानला दारात अडवलं. "काऊन तरास देते त्याले? डोंगरानं खाल्लं माह्या पोराले. आता थे काठी कायले?" आजार डोंगरामुळं नसतो, हे सांगून त्या म्हाताऱ्याला काय मिळणार होतं?

एका दुपारी काठी उघडली. रोशनचा तळहात जेमतेम दबला आणि तिन्ही नळ्या जागच्या जागी अडकल्या. त्याची वाचा तेव्हा गेलेली होती. त्यानं जिशानकडे पाहिलं आणि त्याचे डोळे हसले. दिव्यानी म्हणाली, "जमलं ना जी?" आणि पदर तोंडाशी नेऊन स्वयंपाकघरात गेली.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत रोशन गेला. गावात सगळे चिखलात होते, ते तसेच आले, पोटऱ्यांना गाळ घेऊन. जिशाननं खांदा दिला. इसरूबाबा सगळ्यांच्या पुढे चालत होते, मागे वळून न पाहता.

मग कितीतरी महिने जिशाननं ती काठी दुकानाच्या माळ्यावर टाकून ठेवली. दिव्यानी स्वतः बल्लारपूरला आली तेव्हा त्यानं तिला स्टुलावर बसवलं आणि मशीन बंद केलं.

"जिशानभाऊ, थे काठी पूरी झाली का?"

"झाली म्हटलं तर झाली वयनी. पन स्प्रिंग पक्की कराची तर पुन्हा पुन्हा तपासा लागते. आता कोनाच्या हातानं तपासू?"

"तुमच्या हातानं," ती म्हणाली. "यायनं एवढा जीव काढला. तसंच टाकून देता का?"

ती गेल्यावर जिशाननं मासळीबाजारातून बर्फ आणला. बादलीत हात बुडवून तो बसला, बोटं लाल झाली, मग पांढरी, मग हात आपला नसल्यासारखा झाला. त्या हातानं त्यानं काठी उघडली. मिटली. पुन्हा बर्फ. दोनतीनदा सगळं नीट जमलं. मग हात गरम व्हायला लागला. आधी मुंग्या आल्या, मग ठणका, मग एकेक बोट परत आलं. अंगठा वळला, मूठ मिटली. जिशान आपल्या मिटलेल्या मुठीकडे पाहत राहिला आणि रोशन गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडला. हाजरा धावत आली. "क्या हुआ जी?" तिनं विचारलं. त्यानं नुसता हात पुढे केला. तिनं तो पदरात गुंडाळून धरला.

नागपूरच्या एका गटानं तशा काठ्या जिशानकडून करून घेतल्या आणि पुढच्या मोसमात बर्फात नेल्या. परत आल्यावर त्यांच्यातल्या एका बाईंनी फोन केला. वर वादळात सापडले होते, हातमोजे गोठले होते, तरी काठ्या उघडल्या आणि उतरताना एकही बसली नाही. ही अशी कल्पना सुचली कुणाला, त्यांनी विचारलं. जिशाननं रोशनचं पूर्ण नाव सांगितलं.

तो हे सांगायला नागभीडला गेला. सोबत एक काठी होती, दिव्यानीसाठी. दिव्यानीनं सगळं ऐकलं, दोनदा सांगायला लावलं. इसरूबाबा ओसरीवर होते. तिनं काठी त्यांच्या हातात दिली.

म्हाताऱ्यानं ती उलटीपालटी करून पाहिली. मग मुठीवर तळहात टेकवून दाबला. काठी उघडली. त्यांना वाटलं होतं त्याहून ती फारच सहज उघडली असावी, कारण ते दचकले.

"एवढ्याशा जोरानं?"

"हो बाबा."

"एवढाच राह्यला होता त्याच्यात?"

इसरूबाबांनी तळहात पुन्हा तिथंच ठेवला, अगदी हलका, जणू खाली दुसरा हात होता. कितीतरी वेळ ते तसेच बसले. मग त्यांनी काठी जिशानला परत दिली.

"ने बापू. चढनाऱ्यायले दे. माह्याच्यानं घरात नाई पाह्यवत."

जिशाननं दिव्यानीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं काठी मिटून पिशवीत ठेवली. दिव्यानी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आली. गाडीला अजून वेळ होता, तरी जिशान स्टेशनकडे चालू लागला.